सावलीचं रिझर्व्हेशन

६ जून. उद्या सकाळी आठ वाजता पेव्हर ब्लॉक बसवणारी माणसं येणार, म्हणून आज अंगण रिकामं करायचं काम काढलं. तीन फुटक्या कुंड्या, जळालेल्या मोटरचा कुलर, सायकलचं एक चाक आणि पोतंभर पाईपचे तुकडे निघाले. सगळ्यात शेवटी जिन्याखालून एक निळी प्लास्टिकची खुर्ची निघाली. एक हात तुटलेला, पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेला '१' हा आकडा, आणि मागच्या बाजूला सुतळीने बांधलेली काळी छत्री. खुर्चीखाली चुन्याचा डबा.

ती कंडक्टर नानांची खुर्ची. अंगणाच्या मधोमध जे अंजनाचं झाड उभं आहे तेही त्यांचंच. ब्लॉकवाल्याशी माझं ठरलंय, की झाडाभोवती दोन फूट बाय दोन फूट जागा सोडायची आणि बाकी सगळं अंगण बंद करायचं, म्हणजे गाडी आत येईल. हे मीच ठरवलंय आणि त्यात मला कालपर्यंत काही वावगं वाटत नव्हतं. आता दुपारचं ऊन फार झालं म्हणून आत आले आहे. हात रिकामे आहेत, म्हणून लिहिते.

नाना एक वीत उंचीच्या झाडाच्या सावलीत बसायचे.

हे मी वाढवून सांगत नाही. जळगावच्या एप्रिलात, दुपारी चार वाजता, कुत्रीसुद्धा गटारात पाय घालून पडलेली असताना, हा माणूस खुर्ची उचलून अंगणात यायचा, वीतभर रोपाच्या पूर्वेला ती मांडायचा, छत्री उघडायचा आणि बसायचा. ऊन कललं की उठून खुर्ची सरकवायची, कारण सावली सरकली. कुठली सावली? तर त्या रोपाची. ती त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडायची, तीही वाकून पाहिलं तर दिसायची.

"नाना, छत्रीच घेऊन बसायचं तर घरात पंख्याखाली बसा की," मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं.

"सवय करतोय ताई. एकदम दाट सावली आली की माणसाला सर्दी होते."

नाना आमच्या खालच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. बायको आधीच वारलेली, मुलगी धुळ्याला देवपुरात दिलेली. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त झाले ते फक्त कागदावर. माणसं दिसली की मोजायची, हा त्यांचा रोग. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात बौद्धाचार्य वंदना संपवून क्षणभर थांबले, हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि मागून खणखणीत आवाज आला, "चौऱ्याण्णव! सहा उभे!" व्याही दचकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आचाऱ्याने त्या आकड्यावर पुऱ्या तळल्या आणि एकही उरली नाही की कमी पडली नाही, हे मान्य करावं लागेल.

दुसरा रोग घंटीचा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दूधवाला, गॅसवाला, स्कूटर काढणारा माझा नवरा, सगळ्यांना नाना फाटकाच्या लोखंडी पाईपवर किल्लीने दोनदा वाजवून रवाना करायचे. टण टण. नवरा आधी चिडायचा. "मी काय मुक्कामी गाडी आहे का?" म्हणायचा. पुढे पुढे तर टण टण झाल्याशिवाय त्याची स्कूटरच सुरू होईना. नाना दोन दिवस गावाला गेले तेव्हा तो फाटकात किक मारून मारून घामाघूम झाला होता, आणि शेवटी मीच जाऊन उलथन्याने दोनदा वाजवलं.

अंजनाचं वेड त्यांना रूटवर लागलं. सातपुड्याच्या पायथ्याशी एका फाट्यावर त्यांची गाडी वळायची आणि दहा मिनिटं थांबायची. तिथे अंजनाची तीन मोठी झाडं होती. फांद्या खाली लोंबणाऱ्या, पानं लहान पण सावली गार. ड्रायव्हर आणि नाना त्यांच्याखाली डबा खायचे. अंजन आपल्या भागाचं झाड. त्याचं लाकूड इतकं जड, की पाण्यात टाकलं तर बुडतं. पूर्वी यावल-चोपड्याच्या अंगाला खूप होतं म्हणतात. नांगराला गेलं, जळणाला गेलं, पाला बकऱ्यांनी खाल्ला, आणि नवीन कुणी लावलं नाही, कारण लावलेलं वाढताना दिसत नाही. मग रस्ता रुंद झाला आणि ती तीन झाडंही गेली. नाना त्याबद्दल एवढंच म्हणायचे, "माझे तीन पासधारक कायमचे उतरले."

निवृत्तीनंतर ते एकदा सातपुड्यात जाऊन पिशवीभर शेंगा घेऊन आले. चपट्या, वाळक्या, टोकाला एकेक बी असलेल्या. वरून सोडल्या की भिरभिरत खाली येतात. नानांनी त्या आमच्या गच्चीवरून सोडून पाहिल्या. साठी उलटलेला माणूस गच्चीवरून शेंगा सोडतोय आणि खाली पळत येऊन कुठे पडल्या ते बघतोय, पुन्हा वर चढतोय. समोरच्या काकू त्यांच्या ओट्यावरून विचारत्या झाल्या, "नानांचं डोकं ठिकाणावर आहे ना हो?" मी म्हटलं, "भाडं वेळेवर देतात." यापलीकडे मी भाडेकरूंच्या डोक्यात शिरत नाही.

पण शिरावं लागलं, कारण मी पाईपच्या दुकानात काउंटर सांभाळते. अंजन आधी मूळ सोडतं, सरळ खाली, आणि नर्सरीच्या पिशवीत ते मूळ वाकडं होऊन रोप मरतं, असं नानांना कुणीतरी जंगलातल्या माणसाने सांगितलं होतं. म्हणून त्यांना लांब पिशवी हवी होती. तशी पिशवी मिळत नाही. मी दुकानातले चार इंची पाईपचे वाया गेलेले तुकडे आणून दिले, तीन-तीन फुटांचे. नानांनी ते उभे चिरले, पुन्हा तारेने बांधले, माती भरली आणि प्रत्येकात दोन बिया टाकल्या. जिन्याशेजारी अकरा पाईप तोफांसारखे उभे राहिले. वरती एकेक हिरवं टिकलीएवढं पान. पाहुणे विचारायचे, हे काय आहे? नवरा सांगायचा, "भाडेकरूचा तोफखाना."

त्या अकरांतली चार खारींनी खाल्ली, दोन वाळली, तीन शेजारच्या बकरीने पाईप आडवा पाडून संपवली, एक नानांनी स्वतःच मूळ कुठवर गेलंय ते बघायला उघडलं. (मूळ पाईपाच्या तळाला टेकलं होतं. रोपटं वर चार बोटं, खाली तीन फूट. नाना दिवसभर खूश होते आणि संध्याकाळी ते रोप मेलं.) एकच उरलं. मग नानांनी मला विचारलं, अंगणात लावू का?

"कोपऱ्यात लावा," मी म्हटलं.

"कोपऱ्यात मोरी असते ताई. सावली मधोमध लागते."

आमचा वाद तीन दिवस चालला. माझं म्हणणं, अंगण माझं. त्यांचं म्हणणं, अंगण तुमचंच, पण ऊन सगळ्यांचं. शेवटी मी हो म्हटलं, कारण मला वाटलं ते रोपही मरेलच. खरं ते सांगावं.

लावल्यावर नानांनी दोरी घेतली, एक टोक रोपाशी धरलं, आठ फुटांवर चुना ओतत गोल फिरले. भर अंगणात पांढरं रिंगण. "हे काय?" "सावली. इथपर्यंत येणार. आधीच आखून ठेवलेली बरी, नंतर लोक म्हणतात जागा नव्हती." त्या रिंगणात स्कूटर लावायची नाही, पापड वाळत घालायचे नाहीत, आणि चप्पल घालून बसायचं नाही. चुना पुसला की ते दर महिन्याला नवा ओतायचे.

मग रिझर्व्हेशन सुरू झालं. रिंगणात एकूण बारा जागा. एक नंबर वाहकाचा, म्हणजे त्यांचा. मला सात नंबर दिला, पश्चिमेकडच्या वाऱ्याचा. त्यांनी तिकिटाच्या पंचने पुठ्ठ्याला भोक पाडून मला रीतसर दिलाही. समोरच्या काकूंना नऊ मिळाला, तर त्या रुसल्या.

"मला खिडकी पाहिजे."

"काकू, झाडाला खिडकी नसते."

"मग सात नंबरला वारा कसा काय? मालकीण म्हणून का?"

"त्या पाईप देतात."

"मी काय देत नाही? परवा तुम्हाला शेवभाजी कोणी दिली?"

नानांनी काकूंना आठ नंबर दिला. शेवभाजी चांगली होती. एक जागा त्यांनी आमदारांसाठी राखीव ठेवली, कारण गाडीत तसा नियम असतो. मी विचारलं, आमदार कशाला येतील आपल्या अंगणात? "न आले तर सुटायच्या वेळेला ती जागा दुसऱ्याला देता येते. बकरीला देऊ." माझ्या नवऱ्याने मात्र पहिल्या दिवसापासून विरोध केला होता. त्याला पुढेमागे गाडी घ्यायची होती आणि ती अंगणात लावायची होती. त्याने एकदा खोचकपणे विचारलं, "नाना, माझा नंबर कितवा?"

"साहेब, चार्ट गाडी सुटायच्या आधी लागतो. तेव्हा बघा."

झाड मात्र सुटायचं नाव घेईना. मला मोजमापाची सवय आहे, मी दर एक तारखेला दुकानातल्या टेपने ते मोजायची. नऊ इंच. नऊ इंच. पुढच्या महिन्यात नऊ. उन्हाळ्यात शेंडा वाळला आणि सात. मी म्हटलं, "नाना, हे मागे चाललंय."

"रिव्हर्स घेतली. वळायला जागा नको का?"

आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे, पण झाडाची बाजू घ्यायची झाली की गावाकडची बोली यायची. "हाई झाड वर नही, खाले वाढी राहिनं." वर नाही, खाली वाढतंय. मी म्हणायची, खालच्या सावलीत कोण बसणार आहे? ते म्हणायचे, "कोनले शे घाई?" कुणाला आहे घाई?

मी ठिबकची नळी लावून द्यायला तयार होते. नानांनी नको म्हटलं. वरच्या वर पाणी मिळालं की मूळ आळशी होतं. त्यांनी माझ्याकडून अजून एक पाईप घेतला, रोपाशेजारी उभा गाडला आणि आठवड्यातून एकदा त्यात तांब्याभर पाणी ओतायचे. ओतून झालं की कान लावून ऐकायचे. "पोचलं," म्हणायचे. कुठे पोचलं ते मी विचारलं नाही. मला स्वयंपाक असतो.

तिसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला घोटाळा झाला, आणि त्यात माझा हात होता, म्हणून तो नीट लिहिते. दसऱ्याला आम्ही घरातले सगळे विहारात असतो. पांढरे कपडे, वंदना, भाषणं, मग खीर-पुरी. नाना आमच्यातले नव्हते, पण दरवर्षी मी त्यांना जेवायला बोलवायची आणि ते रोपाला एकटं सोडून यायला तयार नसायचे. त्या वर्षी मी हटूनच बसले. "नाना, एक दिवस सोडलं तर ते काही पळून जाणार नाही. तिथे पाचशे माणसं येतात, मोजायला कोणी नाही." हे ऐकून ते विरघळले. दिवसभर त्यांनी विहाराच्या दारात उभं राहून माणसं मोजली, जेवणाच्या पंगती सोडल्या, आणि दुसऱ्या पंगतीला उशीर केला म्हणून समितीच्या अध्यक्षांना रागावले. बरेच दिवसांनी पूर्ण ड्यूटी केली म्हणून स्वारी खूश होती.

संध्याकाळी परत आलो. फाटक उघडलं. रिंगणाच्या मध्यात एक काडी उभी होती. पान एकही नाही.

नाना मोजायचे थांबलेले मी तेव्हाच पाहिले. त्यांनी खाली बसून काडीवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "बठ्ठं लुटी लिधं." सगळं लुटून नेलं.

एवढ्यात समोरच्या काकू नवी साडी नेसून, नातीला घेऊन आल्या. काकूंनी नानांच्या हातावर एक पान ठेवलं. "सोनं घ्या नाना, सोन्यासारखे राहा!"

ते पान जोडीचं होतं. दोन लहान हिरव्या पाकळ्या, फुलपाखराच्या पंखांसारख्या, देठाशी जोडलेल्या. नानांनी ते पाहिलं. मी पाहिलं. काकूंनी आमचे चेहरे पाहिले आणि नातीला मागे घेतलं.

"काकू, हे कुठून आणलं?"

"इथूनच की. बाजारात आपट्याच्या काडीला काय गर्दी! म्हटलं नानांनी आपटा लावलाय, घरचाच आहे. सगळ्या गल्लीला पुरला हो. तुम्ही नव्हता, नाहीतर विचारलं असतं."

"काकू," नाना म्हणाले, "आपट्याचं पान म्हणजे डबल सीट. मध्ये फक्त चीर. हे बघा, ही दोन सिंगल सीट आहेत. वेगवेगळी. हे अंजन आहे."

"आता मला काय माहीत? मी गाडीतनं कधी फिरते?"

खरी गंमत त्यानंतर झाली. नाना आत गेले, कंडक्टरची चामड्याची बॅग गळ्यात अडकवली, पंच घेतला आणि गल्लीत निघाले. ते रोज संध्याकाळी पानं मोजायचे, त्यामुळे त्यांना आकडा पाठ होता. बासष्ट. प्रत्येक दार वाजवायचं आणि म्हणायचं, "तपासणी! सोनं दाखवा." दसऱ्याच्या संध्याकाळी, लोक नवे कपडे घालून बसलेले, ताटात वड्या, आणि दारात एक म्हातारा पानं परत मागतोय. मी मागे मागे चालले होते, पांढऱ्या साडीत, लाजेने अर्धी झालेली, आणि त्यांना विहारात यायला मीच भाग पाडलेलं असल्यामुळे परत फिरता येत नव्हतं. जो आपट्याचं पान दाखवील त्याला नाना "बसा, बसा" म्हणायचे. ज्याच्याकडे अंजनाचं निघेल त्याचं पान बॅगेत. एका घरी आजोबांनी ते देव्हाऱ्यात ठेवलेलं होतं. नाना देव्हाऱ्यापुढे दोन मिनिटं विचार करत उभे राहिले आणि म्हणाले, "राहू द्या. त्यांचा पास असेल." एका मास्तरांनी आपलं पान मुख्याध्यापकांना दिलं होतं. नाना म्हणाले उद्या शाळेत येतो, तेव्हा मास्तर सायकल काढून स्वतः जाऊन पान परत घेऊन आले.

रात्रीच्या जेवणाच्या आत सत्तावन्न पानं जमा झाली. एक देव्हाऱ्यात, चार बेपत्ता. नानांनी ती सगळी काडीच्या मुळाशी अंथरली, वर माती टाकली. मी म्हटलं, "नाना, तोडलेली पानं परत लागत नाहीत." ते म्हणाले, "माहीत आहे ताई. पण प्रवासी गाडीपाशी आणून सोडायचे असतात."

मी त्या दिवशी त्यांना माझी चूक झाली असं म्हटलं नाही. मला ते पटकन जमत नाही. मी दुकानातून दोन जाळ्या आणल्या आणि काडीभोवती बांधल्या.

काडी वाळली. हिवाळ्यात ती मोडून पडली आणि जमिनीवर काहीही उरलं नाही. नाना तरीही चार वाजता खुर्ची मांडायचे. आधी निदान वीतभर झाड होतं, आता उघडी माती आणि तिच्या सावलीत छत्री धरून बसलेला माणूस. गल्लीतली माणसं हळू आवाजात बोलायची. नवऱ्याने एक दिवस विषय काढलाच, की आता रिंगण पुसायला हरकत नाही. मी म्हटलं, "पावसाळ्यापर्यंत थांबू." हे मी का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. काकू रोज दुपारी येऊन आठ नंबरवर बसायच्या. उन्हात डाळ निवडायच्या. शिक्षाच होती ती, स्वतःला करून घेतलेली.

एप्रिलच्या शेवटी, ऊन अगदी पेटलेलं असताना, मातीतून एक कोंब आला. तांबूस, नव्या तांब्याच्या भांड्याच्या रंगाचा. त्यावर एक जोडीचं पान. सगळं झाड मेल्यावर, पाण्याचा टिपूस नसताना, ते खालून परत आलं होतं. काकू ओरडल्याने गल्ली गोळा झाली. नाना सावकाश उठले, फाटकाशी गेले आणि किल्लीने वाजवलं. टण टण.

त्यानंतरच्या दसऱ्याला काकू सकाळपासून काठी घेऊन आमच्या फाटकात बसल्या होत्या. आमच्या स्वतःच्या पाहुण्यांनाही त्यांनी हात वर करायला लावून आत सोडलं.

पाचव्या वर्षी नानांचे गुडघे गेले. देवपूरहून मुलगी न्यायला आली. सामान म्हणजे एक ट्रंक, एक बॅग. खुर्ची, छत्री आणि चुन्याचा डबा त्यांनी इथेच ठेवला.

"ताई, मी उतरतो. गाडी तुमच्याकडे."

"मला जमणार नाही नाना. माझं दुकान असतं, घर असतं. मला झाडांचं काही कळत नाही."

"करायचं काहीच नाही. फक्त उपटायचं नाही."

रिक्षा निघाली तेव्हा ते आतून वाकून बघत होते. मला कळेना काय बघतायत. मग लक्षात आलं. मी फाटकावर दोनदा वाजवलं, तेव्हा कुठे ते नीट टेकून बसले.

देवपूरला मी त्यांना भेटायला दोनदा गेले. ते मुलीच्या गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरची माणसं मोजायचे. गेल्या गेल्या विचारायचे, "किती?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं, अकरा इंच. चेहरा थोडा उतरला असं मला वाटलं. दुसऱ्या वेळी ते अंथरुणावर होते. "किती?" मी म्हटलं, "दीड फूट." मी एवढी वर्षं पाईप विकते, माप कधी खोटं सांगितलेलं नाही. तेवढं एकदा सांगितलं.

नाना डोळे मिटून हसले. "म्हणजे चौदा इंच."

चौदाच होतं.

गेल्या वर्षी ते गेले. मुलीचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. गिऱ्हाइकाचा पाईप कापून दिला आणि मग घरी आले. आल्यावर झाडाच्या पाईपात तांब्याभर पाणी ओतलं. कान लावला. काही ऐकू आलं नाही.

आणि या वर्षी त्या झाडाला काय झालं कोण जाणे. मूळ कुठल्यातरी पाण्याला टेकलं असणार. फेब्रुवारीत माझ्या कमरेला होतं, आज माझ्या डोक्याच्या वर दोन वीत आहे. फांद्या खाली लोंबायला लागल्यात. दुपारी चार वाजता खाली सुपाएवढी सावली पडते. त्यात एक माणूस मावणार नाही, पण एक तान्हं मूल सहज मावेल.

याच वर्षी नवऱ्याने गाडी घेतली. म्हणून ब्लॉक. म्हणून दोन बाय दोन. संध्याकाळ झाली. खुर्ची भंगारात टाकायच्या ढिगावर ठेवली होती, ती उचलून बाजूला ठेवली. एवढंच आज झालं.

७ जून. सकाळी साडेसहाला उठून डब्यातला चुना पाहिला. दगड झाला होता. फोडला, भिजवला. दुकानातली टेप घेतली, झाडापासून आठ फूट धरले आणि गोल फिरून रिंगण पूर्ण केलं. माझं रिंगण नानांच्यापेक्षा जास्त गोल आलं आहे, कारण मी टेपने केलं.

आठला ब्लॉकवाला आला. दोन बाय दोनचं माप हातात, आणि समोर सोळा फुटांचं रिंगण.

"ताई, हे काय? एवढं सोडलं तर बसवायचं कुठे?"

"कडेने. फाटकापासून जिन्यापर्यंत पायवाट करा. रिंगणात एकही ब्लॉक नको."

"आणि गाडी?"

तोच प्रश्न विचारायला नवरा बनियनवर बाहेर आला होता. मी म्हटलं, गाडी बाहेर राहील. तो म्हणाला, उन्हात तापेल. मी म्हटलं, तापू दे, थोडी वर्षं थांबली तर सावलीत घेता येईल. तो म्हणाला, किती वर्षं? मी म्हटलं, "कोनले शे घाई?" काकू त्यांच्या ओट्यावरून ओरडल्या, "माझी आठ नंबरची जागा शाबूत आहे ना?"

ऊन तोंडावर यायला लागलं होतं. मी निळी खुर्ची रिंगणात मांडली, सुतळी सोडून छत्री घेतली, बसून ती उघडली, आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद माझ्या मांडीवर पडला. चार्ट होता. नानांच्या अक्षरात, बारा ओळी, पेनाने आखलेल्या.

"माझा नंबर बघ," नवरा म्हणाला. त्याला इतक्या वर्षांनंतरही उत्सुकता होती.

बारा ओळींत त्याचं नाव नव्हतं. खाली कोपऱ्यात होतं. "साहेब: उभे."

सात नंबरसमोरचं माझं नाव खोडलेलं होतं. तिथे लिहिलं होतं, "आमदार (न आल्यास बकरी)." एवढी वाऱ्याची जागा. मी वर पाहिलं. एक नंबरसमोर 'वाहक: नाना' लिहून त्यावर एक सरळ रेघ मारली होती, आणि शेजारी लिहिलं होतं, 'वाहक: ताई.' मला न विचारता.

ब्लॉकवाल्याची चार माणसं पाट्या घेऊन खोळंबली होती. मी त्यांना मोजलं. चार, आणि एक साहेब उभे. मग उठून फाटकाशी गेले आणि किल्लीने दोनदा वाजवलं. माणसं कडेने कामाला लागली, नवऱ्याने गाडी रस्त्यावरच ठेवून स्कूटर काढली, आणि मी एक नंबरच्या खुर्चीवर छत्री धरून दहा मिनिटं बसले. आज दुकान उघडायला मला पहिल्यांदाच उशीर झाला.